सीएमईचे पॉइंट सगळेच गोळा करतात, कायद्याचा आणि हिशोबाचा अभ्यास कसा करायचा ते बघू

रजिस्ट्रेशन रिन्यूअलला सहा महिने राहिले की डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "कुठं सीएमई आहे का, पॉइंट कमी पडतायत." सीएमई म्हणजे डॉक्टरांचं चालू वैद्यकीय शिक्षण, त्याच्या कार्यक्रमाला हजर राहिलं की पॉइंट मिळतात आणि रिन्यूअलला ते लागतात. मग ज्याचा डोळ्यांच्या पेशंटशी कधी संबंध येत नाही तो फिजिशियन रविवारी रेटिनाच्या कॉन्फरन्सला जाऊन शेवटच्या रांगेत बसतो, जेवतो आणि पॉइंट घेऊन घरी येतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणजे वर्षाला फक्त सहा, आणि तेवढे आधीपासून जमवले तर ही पळापळ होतच नाही. पण माझा मुद्दा पळापळीचा नाही. एमबीबीएसला फॉरेन्सिकमध्ये आपण गोळी कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली हे पाठ केलं, पण कन्सेंट फॉर्म कसा लिहायचा, नोटीस आली तर पहिल्या दिवशी काय करायचं, इन्डेम्निटी पॉलिसीत, म्हणजे पेशंटनं भरपाई मागितली तर कामी येणाऱ्या विम्यात, काय वाचायचं हे कुणी शिकवलं नाही. ते शिकायला या ३० पॉइंटची पाच वर्षं आयती मिळालेली आहेत, ती कशी वापरायची ते सांगतो. हे मुख्यतः महाराष्ट्रातल्या खासगी प्रॅक्टिसवाल्यांसाठी आहे, स्वतःचं क्लिनिक किंवा दहा-पंधरा बेडचं हॉस्पिटल असलेल्यांसाठी.

आधी एक नियम स्वतःला घालून घ्या. कुठल्याही लेक्चरहून आल्यावर आठ दिवसांत आपल्या क्लिनिकमधला एक तरी कागद बदलला पाहिजे. कन्सेंट फॉर्म, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, सर्टिफिकेटचं रजिस्टर, काहीही. कागद बदलला नाही तर तो रविवार जेवणाच्या खात्यात टाका.

सुरुवात स्वतःच्या वीस केस पेपरनं

कुठला विषय शिकायचा हे ब्रोशर बघून ठरवू नका. गेल्या महिन्यातले आपलेच वीस केस पेपर काढा, न निवडता, सरळ गठ्ठ्यातून येतील तसे, आणि एखाद्या अनोळखी माणसाच्या नजरेनं वाचा. पोटदुखीची तरुण बाई, एलएमपी (शेवटच्या पाळीची तारीख) लिहिलीय का? छातीत जळजळ म्हणून आलेला पन्नाशीचा माणूस, ईसीजी काढला का, आणि काढा म्हटल्यावर तो "नको डॉक्टर, गॅसच आहे" म्हणाला असेल तर ते लिहून खाली त्याची सही आहे का? लहान मुलाच्या कागदावर वजन आहे का? ॲलर्जी विचारली का? पुन्हा कधी यायचं आणि काय झालं तर लगेच यायचं हे लिहिलंय का? बहुतेक वेळा आपण हे सगळं तोंडी सांगितलेलं असतं, अगदी दोनदा सांगितलेलं असतं, पण चार वर्षांनी ग्राहक आयोगात कागद बोलतो, आपण नाही.

या वीस कागदांतून तुमचा अभ्यासक्रम आपोआप तयार होतो. अँटिबायोटिक जास्त दिसलं तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अँटिबायोटिकची गाइडलाइन आणि त्यांचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो बघा, फुकट आहेत, एका आजाराला एक पान असा प्रकार आहे, प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवता येतं. अक्षर वाचता येत नसेल तर जेनेरिक नाव, स्पष्ट अक्षर आणि शक्यतो कॅपिटलमध्ये, हे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत २०१६ पासून आहेच. आणि प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर, पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर असायलाच लागतो, तरी अजून निम्म्या लेटरहेडवर डिग्र्यांची रांग असते आणि नंबर गायब.

कायदा शिकायचा तर निकाल वाचा, फॉरवर्ड नाही

कायद्याच्या बाबतीत आपण डॉक्टर लोक फार भोळे. ग्रुपवर "आता जेनेरिक लिहिलं नाही तर लायसन्स जाणार" असं आलं की सगळे घाबरतात. तो मेसेज ज्याच्यावरून आला ते नॅशनल मेडिकल कमिशनचे नियम २ ऑगस्ट २०२३ला निघाले आणि २३ ऑगस्टला त्यांना स्थगिती मिळाली, म्हणजे पुन्हा २००२चेच आचारसंहितेचे नियम चालू झाले. मेसेज मात्र नंतरही फिरत राहिला. म्हणून पहिलं काम, ते २००२चे नियम काढून एकदा सलग वाचा, तासाभराचं काम आहे. त्यात इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं, मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, दिलेल्या प्रत्येक मेडिकल सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये ठेवायची, पेशंटची सही आणि ओळखीची खूण घ्यायची, हे सगळं स्पष्ट लिहिलंय. जीपींना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, यातलं सर्टिफिकेटचं प्रकरण सगळ्यात जास्त नडतं. "डॉक्टर, मागच्या सोमवारपासून टाका ना" ही विनंती आपल्याकडं रोज येते, आणि खोट्या सर्टिफिकेटवर कौन्सिल रजिस्टरमधून नाव काढू शकतं. रजिस्टर ठेवायला लागलात की ती विनंती नाकारणं पण सोपं जातं, रजिस्टर पुढं करायचं आणि म्हणायचं, यात तारीख मागची टाकता येत नाही.

मग निकाल. सुप्रीम कोर्टाचे तीन-चार निकाल असे आहेत की ते प्रत्येक प्रॅक्टिस करणाऱ्यानं मुळातून वाचावेत, कोर्टाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. १९९५चा शांता निकाल, ज्यानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००५चा जेकब मॅथ्यू, ज्यात तीन न्यायाधीशांनी सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी लावायची तर निष्काळजीपणा ढोबळ, टोकाचा असायला हवा, पोलिसांनी आधी त्या विषयातल्या स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं आणि उगाच अटक करू नये. ही केस उभी राहिली ती पेशंटला धाप लागलेली असताना रिकामा ऑक्सिजन सिलिंडर जोडला गेला या आरोपावरून, तेव्हा निकाल वाचून झाला की उठून आपल्या वॉर्डातल्या सिलिंडरचा गेज बघून या. निष्काळजीपणानं मृत्यू झाल्याचं फौजदारी कलमही आता बदललंय, १ जुलै २०२४ पासून आयपीसीचं ३०४अ गेलं आणि भारतीय न्याय संहितेचं १०६ आलं, त्यात इतरांना पाच वर्षांपर्यंत आणि वैद्यकीय उपचार करताना झालेल्या प्रकारात नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुने स्लाइड घेऊन फिरणारे वक्ते अजून ३०४अच सांगतात, तिथं हात वर करा.

पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त शिकवणारा निकाल २००८चा समीरा कोहलीचा. अविवाहित, ४४ वर्षांची बाई, रक्तस्रावाच्या तक्रारीनं गेली. तिनं सही केली ती डायग्नोस्टिक आणि ऑपरेटिव्ह लॅपरोस्कोपीवर (दुर्बिणीनं तपासणी आणि ऑपरेशन), लॅपरोटॉमी (पोट उघडून ऑपरेशन) लागू शकते असंही त्यात होतं. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि दोन्ही ओव्हरी काढल्या. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं कोर्ट म्हणालं नाही, ऑपरेशन वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं होतं म्हणून ही केस गेली असंही नाही. मुद्दा एवढाच की पेशंट सज्ञान, शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकणारी, जिवाला तातडीचा धोका नाही, मग आईची सही कशी चालेल? डॉक्टरांना फी सोडावी लागली आणि २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली.

आता हा निकाल चाळीस मिनिटांत कसा शिकायचा ते सांगतो. चार-सहा जण बसा. एकानं फक्त घटना वाचायची, निकाल नाही. बाकीच्यांनी आपण काय केलं असतं ते बोलायचं, आणि इथं खरी मजा येते कारण निम्मे सर्जन म्हणतात "आईची सही घेतली म्हणजे झालं की". मग कोर्टानं काय म्हटलं ते वाचायचं. मग प्रत्येकानं खिशातून आपल्या हॉस्पिटलचा छापील कन्सेंट फॉर्म काढायचा. "मी कोणत्याही प्रकारच्या ऑपरेशनला व त्यानंतरच्या परिणामांना संमती देत आहे" असं एक वाक्य त्यात हमखास सापडतं. असल्या सरसकट वाक्यावर भिस्त ठेवू नका, ते खोडा. त्याजागी ऑपरेशनचं नाव पेशंटला कळेल अशा मराठीत, कशासाठी, दुसरा पर्याय काय, नाही केलं तर काय, नेहमीचे धोके कोणते, आणि आत गेल्यावर आणखी काही करावं लागण्याची शक्यता असेल तर ते नाव घेऊन लिहा. सही पेशंटची. नातेवाईक साक्षीदार म्हणून. वेळ आणि तारीख हातानं.

नोटीस आली तर, याची रंगीत तालीम

आगीची मॉक ड्रिल करतो तशी नोटिशीची पण एकदा करून ठेवावी. ग्राहक आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह हातात पडल्यापासून लेखी उत्तराला ३० दिवस मिळतात आणि आयोग वाढवून देऊ शकतो फक्त १५ दिवस. त्यापुढं एकही दिवस नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० मध्ये हे पक्कं केलंय. आपल्याकडं काय होतं, पहिले दहा दिवस धक्क्यात, मग दहा दिवस ओळखीतल्या वकिलाच्या मागं, मग इन्शुरन्सवाला आठवतो. तालमीत हे ठरवा, पहिल्या दिवशी मूळ केस पेपरची झेरॉक्स काढून मूळ प्रत कुलपात, विमा कंपनीला लेखी कळवायचं, पेशंटला फोन करून वाद घालायचा नाही, आणि केस पेपरवर एक अक्षरही नवीन लिहायचं नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण मागून घुसवलेली ओळ लगेच ओळखू येते आणि जिंकणारी केस तिथंच हातची जाते. साधारणपणे तक्रार दोन वर्षांत करावी लागते हे खरं, पण उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, तेव्हा दोन वर्षं झाली म्हणून कागद रद्दीत घालू नका. आणि तक्रार कुठल्या आयोगात जाणार हे २०१९च्या कायद्यानं भरपाईच्या मागणीवर नाही तर तुम्ही घेतलेल्या बिलावर ठरतं, बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे चाळीस हजारांच्या बिलावर एक कोटीची मागणी पण जिल्हा आयोगातच चालणार.

इन्डेम्निटी पॉलिसी घरी आणून वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. ही पॉलिसी साधारणपणे क्लेम ज्या वर्षी आला त्या वर्षीच्या पॉलिसीवर चालते आणि घटना रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरची, म्हणजे जिथपासूनच्या घटना पॉलिसीत धरल्यात त्या तारखेनंतरची, लागते. रिन्यूअल चुकवून मध्ये खंड पडला तर ती तारीख पुढं सरकू शकते आणि मागची सगळी वर्षं उघडी पडतात. स्वस्तात मिळते म्हणून कंपनी बदलणाऱ्यांनी नव्या पॉलिसीवर जुनी तारीख छापून घ्यावी. आपल्या नावाची आणि हॉस्पिटलच्या नावाची पॉलिसी वेगळी असते, हॉस्पिटलच्या पॉलिसीत स्टाफ आणि व्हिजिटिंग कन्सल्टंट धरलेत का ते विचारा, आणि उत्तर मेलवर घ्या.

आपापल्या ब्रँचचे कायदे

सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा. इथं "हेतू चांगला होता" चालत नाही, गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद करायचा फॉर्म एफ अर्धवट राहिला तर तोच गुन्हा समजला जातो आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आपली, ही तरतूद सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये कायम ठेवलीय. महिन्याचा रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ पासून २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत आणि ठराविक गटातल्या बायकांसाठी २० ते २४ मध्ये दोघांचं. बेड असतील तर महाराष्ट्र नर्सिंग होम रजिस्ट्रेशनचे २०२१चे सुधारित नियम, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही. बायोमेडिकल कचऱ्याचे पिवळा, लाल, पांढरा, निळा हे रंग सगळ्यांनाच लागू, बेड असोत नसोत. हे विषय ज्याचे त्यानं वर्षातून एकदा ताजे करावेत, सगळ्यांनी सगळं शिकायची गरज नाही.

फोनवरची प्रॅक्टिस मात्र सगळेच करतो. २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन लहानशा आहेत, वाचा. पेशंटनं स्वतः फोन केला तर संमती धरली जाते, आपण केला तर स्पष्ट घ्यावी लागते. औषधांच्या याद्या आहेत, काही औषधं पहिल्याच वेळी चालतात, काहींना पहिल्या वेळी व्हिडिओ लागतो, काही फक्त फॉलोअपला, आणि शेड्यूल एक्स व नार्कोटिक्सवाली अजिबात नाहीत. लग्नाच्या पंगतीत बसून "दोन गोळ्या घे आणि उद्या ये" असा व्हॉइस मेसेज पाठवला की तीही कन्सल्टेशनच झाली, त्याची नोंद कुठं ठेवणार हे ठरवा. चॅटचा स्क्रीनशॉट केस पेपरला लावणं हे सगळ्यात सोपं.

पैशाचं

यावर सीएमई फारच कमी होतात आणि झाली तरी वक्ता म्युच्युअल फंड विकायला आलेला असतो. त्यापेक्षा आपल्या सीएला वर्षातून एकदा ग्रुपसमोर बोलवा आणि नेमके प्रश्न विचारा. उदाहरणार्थ जुन्या इन्कम टॅक्स कायद्यातलं ४४एडीए. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर निम्मं उत्पन्न धरून टॅक्स भरता येतो, खर्चाच्या पावत्या दाखवत बसायला नको, आणि रोख जमा एकूणच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ७५ लाख. आता आपल्या ओपीडीत रोख किती आणि यूपीआय किती हे एकदा महिनाभर मोजा, मग कळेल ७५ची मर्यादा आपल्याला आहे की नाही. ज्यांचा खर्च खरोखर निम्म्याहून जास्त आहे, मशिनचे हप्ते, भाडं, स्टाफ, त्यांना हा मार्ग महाग पडतो, हे पण सीएकडून आकडे मांडून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा, त्यामुळं कलमांचे नंबर बदलले, तेव्हा जुन्या नोट्सवर विसंबू नका.

कट प्रॅक्टिस हा विषय व्यवसायात येतो की नीतिमत्तेत यावर वाद घालत बसू नका, रेफरलचं कमिशन देणं आणि घेणं दोन्ही आचारसंहितेत मना आहे. जाहिरातीचंही तसंच. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, सुट्टीवर गेलो, परत आलो, फी किती, अशा गोष्टी जाहीर करता येतात. "जिल्ह्यातील एकमेव, शंभर टक्के खात्रीशीर" हे रील करणाऱ्या पोराला सांगून काढायला लावा.

आणि सीएमईचा खर्च कोण करतंय हे बघणं हासुद्धा अभ्यासच. मार्च २०२४च्या औषध कंपन्यांच्या मार्केटिंग संहितेनुसार परदेशात सीएमई भरवायची नाही, आणि वक्ता नसलेल्या डॉक्टरला प्रवास, हॉटेल कंपनीनं द्यायचं नाही. डॉक्टरांना फुकट दिलेल्या वस्तूंचा खर्च कंपनीला टॅक्समध्ये दाखवता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा लाभावर १० टक्के टीडीएस सुरू झाला. म्हणजे तुमच्या पॅनवर नोंद होते. हजार-दीड हजार फी स्वतः भरून गेलेलं केव्हाही परवडतं, आणि तिथं औषधाचं नाव दर तिसऱ्या स्लाइडला येत नाही.

पॉइंट आणि कुठं शिकायचं

ब्रोशरवर कौन्सिलची मान्यता आणि किती पॉइंट हे लिहिलंय का ते आधी बघा, नुसतं "सर्टिफिकेट मिळेल" म्हणजे पॉइंट मिळतील असं नाही. हजेरी वेळेत लावा, आणि महिन्याभरानं आपल्या लॉगिनमध्ये पॉइंट जमा झाले का ते बघा, नसतील तर आयोजकांच्या मागं तेव्हाच लागा, चार वर्षांनी त्यांचा सेक्रेटरी बदललेला असतो. आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशनच्या) शाखेला मेडिकोलीगल विषय सुचवा, बहुतेक शाखांना विषयच सुचत नसतात. ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी पुण्यात सिम्बायोसिसचा मेडिकोलीगलचा डिप्लोमा आहे, बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा मेडिकल लॉ ॲण्ड एथिक्सचा दूरशिक्षणानं करता येतो. प्रॅक्टिस सांभाळून होतात, पण असाइनमेंट लिहाव्या लागतात, हे धरून चला.

महिन्यातून एकदा ओपीडी संपल्यावर पाच-सहा जणांनी बसणं हे मला यातलं सगळ्यात फायद्याचं वाटतं, त्याला पॉइंट मिळत नाहीत तरी. एक सर्जन, एक गायनॅक, एक जीपी, एक भूलतज्ज्ञ पाहिजेच कारण त्याच्याइतकं सगळ्यांचं कुणी बघितलेलं नसतं, आणि कधीतरी एखादा वकील, शक्यतो पेशंटच्या बाजूनं केस लढवणारा. तो आपले कागद कसे वाचतो हे ऐकण्यासारखं असतं. ज्यांत आपण थोडक्यात बचावलो असे स्वतःचे प्रकार पेशंटचं नाव झाकून मांडायचे, आणि त्या बैठकीचं काहीही ग्रुपवर टाकायचं नाही.

आणि यातलं निम्मं शिक्षण आपल्या रिसेप्शनिस्टला आणि सिस्टरला द्यायला लागतं. कन्सेंटवर सही कोण घेतं? बहुतेक ठिकाणी सिस्टरच घेते, "इथं करा सही" म्हणून. रेकॉर्ड मागायला आलेल्या नातेवाइकाला "डॉक्टर नाहीत, नंतर या" कोण सांगतं? दुपारी दोन ते तीन ओपीडी रिकामी असते, तेव्हा त्यांना घेऊन बसा. रेकॉर्डचा अर्ज आला की तारीख टाकून पोच द्यायची, कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायची नाही, फोनवर कुणाचा रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही, भले तो मामा असो. तीनच गोष्टी, मराठीत, एका कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा.